वजनकाट्यावर विसंबू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. पण घरच्या दुखण्याने जे शिकवले, ते थोडक्यात सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना यकृताचा जुनाट विकार निघाला. लोक काहीबाही बोलले. पण ह्यांनी जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही. मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी, हे त्याचे कारण. पुढे एका महिन्यात ह्यांचे वजन चार किलो वाढले, तेव्हा मी आनंदाने देवापुढे साखर ठेवली. पण भगिनींनो, ते पोटात आणि पायांत साठलेले पाणी होते! अंगचे मांस झडत होते, सदरा खांद्यावर लोंबत होता, आणि मी काटाच पाहत बसले.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ह्यांच्या दंडाला फीत लावली, दंडामागची कातडी चिमट्याने मोजली, मुठीची ताकद मोजायचे यंत्र हाती दिले, हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावले. वजनातून पाण्याचा अंदाज वजा केला आणि उरलेल्या वजनावर, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, प्रथिने ठरवून दिली. मग विचारले, "रात्रीच्या जेवणानंतर पोटात पुन्हा घास केव्हा जातो?"

"बारा तासांनी," मी म्हटले.

पथ्य म्हणून मी डाळ, अंडी, दूध बंद करून नुसती पेज देत होते! बाईंनी समजावले, की दुबळ्या यकृतात साखरेचा साठा राहत नाही. पोट फार वेळ रिकामे राहिले, तर शरीर आपलेच मांस मोडून वापरते.

आता दिवसा दर तीन-चार तासांनी खाणे, झोपताना दूध-भाकरी. पापड-लोणचे ताटातून गेले. उपासही सुटले, सासूबाईच ह्यांना म्हणाल्या, "चतुर्थी मी धरीन, तू जेव."

दर महिन्याला खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंड मोजून मी वहीत लिहिते. वर्षात २२ चा साडेतेवीस सेंटिमीटर झाला. परवा ह्यांनी घट्ट बसलेले बरणीचे झाकण स्वतः उघडले, तेव्हा माझे डोळे भरून आले.

ज्यांच्या घरी असे दुखणे असेल, त्यांनी पथ्य मनाने ठरवू नये, डॉक्टरांना विचारावे. आणि काट्याबरोबर दंडही पाहावा.