बोरूचे बेट



आंब्याचे कलम, कायद्याचे कलम आणि लिहिण्याचे कलम. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. ग्रीक भाषेतल्या ‘कलामोस’शी त्याचे नाते आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे नळ. ओढ्याकाठी, तळ्याच्या दलदलीत १०-१२ फूट वाढणारे, पोकळ पेरांचे हे रानगवत. त्याच्या लेखणीला आपण बोरू म्हणतो.

पक्का वाळलेला नळ वीतभर कापायचा, एक टोक तिरके तासायचे, मधोमध बारीक चीर द्यायची. त्या चिरेतून शाई उतरते. मोडीतली जुनी दप्तरे अशाच बोरूने लिहिलेली आहेत.

लहानपणी मी सकाळी मकतबात जाई आणि नंतर मराठी शाळेत. तख्तीवर उजवीकडून डावीकडे अलिफ-बे, कित्त्यावर डावीकडून उजवीकडे ग म भ न. बोरू मात्र दोन्हीकडे एकाच ओढ्यातला. ‘तुम्ही मराठीत कसे लिहिता?’ असे कुणी नवलाने विचारले, की मी त्या ओढ्याकडे बोट दाखवतो.

नळ नुसता लिहीत नसे. त्याच्या चटया होत, कुडाच्या भिंती होत, छपरे शाकारली जात. विणकराच्या धोट्यातली नळी त्याचीच. १३व्या शतकातल्या मौलाना रूमींची ‘मसनवी’ तर बेटातून तोडलेल्या नळाच्या बासरीपासूनच सुरू होते.

आता चटई प्लॅस्टिकची आली, छपरावर पत्रा आला आणि आम्ही कवीसुद्धा मोबाइलवर बोटे चालवतो. नळ माजतो, गाळ धरतो, पाण्याची वाट अडवतो, ही तक्रार खोटी नाही. पण पूर्वी लोक गरजेपुरता तो कापून नेत. वापर होता, म्हणून आवर होता. वापर संपला आणि कामाचे गवत तण ठरले. त्याची दलदल ‘पडीक जागा’ ठरली. मग तिथे भराव पडतो, आणि पावसाचे पाणी वस्तीत शिरले की आपण आभाळाला बोल लावतो.

गंमत अशी, की सांडपाणी शुद्ध करायला आज मुद्दाम नळाचे वाफे लावतात. त्याच्या मुळांशी वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातली घाण खातात. हेच काम तो गावच्या ओढ्यात फुकट करत होता.

तुमच्या ओढ्याकाठी नळाचे बेट उरले असेल, तर ते जाळू नका, बुजवू नका. कापा, वापरा, पुन्हा वाढू द्या. आणि एखादा बोरू तासून घरातल्या मुलाच्या हाती द्या. पहिले अक्षर त्याने कुठल्याही बाजूने काढले तरी चालेल.