गाव उजळले, घराचे काय?

(एका तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आज मी आपणापुढे विजेविषयी बोलणार आहे. या व्यासपीठावर विजेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, हा विषय बाबासाहेबांचाच आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याकडेच होते. वीज स्वस्त व मुबलक झाल्याखेरीज उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि उद्योगधंदे वाढल्याखेरीज जनता दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असा विचार त्यांनी १९४३ साली वीज धोरण समितीपुढे मांडला होता.

पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामूहिक विकास योजना सुरू झाल्या. हेतू चांगला होता. परंतु गाव हा एकजीव समूह आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते. गाव एक नाही, गावठाण निराळे आणि वेशीबाहेरची वस्ती निराळी, हे आपणास कोणी शिकवावयास नको. गावाच्या पोटात काय दडलेले आहे, याचा इशारा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दिलाच होता.

विजेच्या बाबतीत हे कसे घडले ते पाहा. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. एखाद्या बागायतदाराच्या विहिरीवर पंप बसला, की सारे गाव कागदोपत्री उजळले! २००४ साली व्याख्या सुधारली. गावठाणाबरोबर दलित वस्तीतही तारा व रोहित्राची सोय हवी, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत दिवा हवा, असे ठरले. आपल्या वस्तीचा उल्लेख व्याख्येत करावा लागला, हाच पूर्वीच्या अन्यायाचा कबुलीजबाब होय. तरीही हिशेब करा. १०० घरांच्या गावात १० घरांत दिवे लागले, तर ९० घरे अंधारात असूनही ते गाव उजळलेले! म्हणूनच एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावांत वीज पोहोचल्याचे सरकारने जाहीर केले, तेव्हा मी विचारले, गावात पोहोचली; घरात पोहोचली काय?

माझ्याकडे एक विधवा भगिनी आली होती. गायरानावर तिचे घर वीस वर्षांचे. मुलगी दहावीला. वीज कार्यालयाने सातबारा मागितला. तो तिच्याजवळ कोठून असणार? तिला तोंडीच परत पाठविण्यात आले. मी तिला विद्युत कायदा, २००३ चे ४३ वे कलम वाचून दाखविले. त्यात जागेचा मालक ‘किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत. मागणी करणाऱ्यास मुदतीत वीज देणे हे वितरकाचे कर्तव्य आहे. कसूर केल्यास दर दिवसाला १००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आम्ही लेखी अर्ज केला, पोच घेतली आणि उत्तर न आल्याने ग्राहक तक्रार मंचाकडे गेलो. दिवा लागला. मात्र तोपर्यंत मुलीची परीक्षा होऊन गेली होती. त्या उशिराची भरपाई कोणता कायदा करणार?

म्हणून माझे तीनच सांगणे आहे. तोंडी मागणी करू नका. अर्ज लिहा आणि पोच जपून ठेवा. गाव विद्युतीकृत असल्याचा दाखला ग्रामपंचायतीने द्यावयाचा असतो. तेव्हा ग्रामसभेत उठून वस्तीतील घरे मोजावयास लावा. आणि आपल्या घरी दिवा लागला म्हणून स्वस्थ बसू नका; शेजारच्या भटक्या कुटुंबाच्या पालात अंधार असेल, तर त्याचाही अर्ज आपणच लिहून द्या.

दीक्षा घेताना आपण समतेची प्रतिज्ञा केली आहे. गावाची मोजणी वेशीपासून नव्हे, तर शेवटच्या घरापासून व्हावी, हा त्या प्रतिज्ञेचा व्यवहारातला अर्थ होय.  जय भीम!