शाळेची लिंक आणि आपली माहिती



२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली. त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम वापरणाऱ्यांना बजावले : दर बैठकीला नवा पासवर्ड ठेवा, प्रतीक्षा कक्ष चालू करा, सर्वजण आले की बैठक लॉक करा. कारण लिंक ज्याच्या हाती, त्याला वर्गाचे दार उघडे.

हेच फॉर्मचे. शाळेचा गुगल फॉर्म आला की आपण कॅम्प ४ चे पालक जात, उत्पन्न, आधार क्रमांक भरून मोकळे होतो. पण उत्तरांचा तक्ता लिंक असलेल्या कोणालाही खुला राहिला, तर एका मुलाची माहिती साऱ्या ग्रुपवर जाते. शिष्यवृत्तीसाठी जात नोंदवणे हा आपला हक्क आहे. ती कोणी पाहावी, हे विचारणे हाही हक्कच आहे.

म्हणून शिक्षकांना नम्रपणे विचारू या : ही माहिती कशासाठी? कोण पाहणार? काम झाल्यावर पुसणार का? ओटीपी मात्र कोणालाही देऊ नये. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे.