‘वे डाउन ईस्ट’: खऱ्या थंडीतला मेलोड्रामा



आज बोलायचं आहे ते डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९२० सालच्या ‘वे डाउन ईस्ट’ या मूकपटाबद्दल. गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. अ‍ॅना मूर ही न्यू इंग्लंडमधली गरीब मुलगी. एक श्रीमंत तरुण खोटं लग्न लावून तिला फसवतो आणि दिवस गेल्यावर टाकून देतो. मूल जन्मतं, जातं. ती एका शेतकऱ्याकडे कामाला राहते. त्याच्या मुलाचा, डेव्हिडचा, तिच्यावर जीव जडतो, पण जुनी गोष्ट बाहेर फुटते आणि त्याचे वडील तिला भर हिमवादळात घराबाहेर काढतात.

लॉटी ब्लेअर पार्कर यांचं हे मूळ नाटक एकोणिसाव्या शतकातलं. १९२० मध्ये ते शिळं वाटत होतं. तरी ग्रिफिथ यांनी हक्कांसाठी १,७५,००० डॉलर मोजले. त्यांचा अख्खा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ याहून कमी पैशांत झाला होता! नायिका लिलियन गिश यांनी पुढे लिहिलं आहे की, नाटक वाचताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

मग ते पडद्यावर उभं कसं राहिलं? माझं उत्तर सरळ आहे. ग्रिफिथ यांनी कथानकातला भडकपणा फारसा कमी केला नाही. त्यांनी त्याला खरी हवा दिली. न्यूयॉर्कजवळ मॅमरोनेकला समुद्रकाठी त्यांचा स्टुडिओ होता. तिथे ते वादळाची वाट पाहत थांबले आणि मार्चमध्ये वादळ आलं. कॅमेऱ्यातलं तेल गोठू नये म्हणून खाली विस्तव ठेवावा लागला. वारा इतका की तिकाटण्याचे पाय माणसांनी धरून ठेवले. गिश यांच्या पापण्यांवर बर्फ साचला तेव्हा ग्रिफिथ यांनी छायालेखक बिली बिट्झर यांना कॅमेरा जवळ न्यायला लावून तो चेहरा टिपला. रंगभूषेला जे साधलं नसतं ते वाऱ्याने केलं.

घराबाहेर काढलेली नायिका पुढे नदीवर पोचते. तो प्रसंग व्हरमाँटमधल्या व्हाइट रिव्हर जंक्शनला घेतला. बेशुद्ध अ‍ॅना धबधब्याकडे वाहणाऱ्या हिमखंडावर पडली आहे आणि डेव्हिड, म्हणजे रिचर्ड बार्थेलमेस, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत तिच्याकडे निघाला आहे. हात आणि केस पाण्यात सोडायचे, ही कल्पना खुद्द गिश यांची. पुन्हा पुन्हा त्या बर्फावर झोपल्या. बर्फगार पाण्यात बुडालेला तो हात त्यांना पुढे कित्येक वर्षं दुखत होता. दिग्दर्शकाच्या प्रतिभेचं कौतुक करताना आपण हे विसरतो, म्हणून मुद्दाम सांगतो: या प्रसंगाचं श्रेय निम्मं गिश यांचं आहे.

सगळंच खरं नव्हतं, हेही सांगायला हवं. काही भाग नंतर कनेटिकटमध्ये, हवा उबदार झाल्यावर, लाकडाचे रंगवलेले तुकडे पाण्यात सोडून चित्रित केला, आणि धबधब्यासाठी नायगाऱ्याची दृश्यं मधे जोडली. पण तोवर अ‍ॅनाच्या पापण्यांवरचा बर्फ आपण पाहिलेला असतो. त्या विश्वासावर संकलनाला पुढची फसवणूक पेलता येते. या कलेतलं मोठं कसब मला इथे दिसतं. रशियन दिग्दर्शक पुदोव्हकिन यांनी या प्रसंगाचा अभ्यास केला होता. त्यांच्या १९२६ च्या ‘मदर’मध्ये नदीचा बर्फ फुटतो तेव्हा ते नातं स्पष्ट दिसतं.

तरीही माझ्या मते चित्रपटाचा गाभा नदीत नाही, एका भाड्याच्या खोलीत आहे. बाळ मरणाच्या दारात आहे, त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. असं मूल देवाला पारखं होतं या धाकाने अ‍ॅना स्वतःच त्याच्या कपाळाला पाणी लावते. वादळ नाही, पाठलाग नाही. गिश तिथे जवळजवळ काहीच ‘करत’ नाहीत, आणि पाहणाऱ्याचा घसा दाटून येतो. मेलोड्रामाला आपण उगाच हिणवतो. अन्याय झालेल्या बाईचं दुःख मोठ्या आवाजात सांगणं हा दोष नव्हे. ते खोट्या चेहऱ्याने सांगणं हा दोष.

हा चित्रपट आज स्वामित्वहक्कांतून मुक्त आहे आणि सहज पाहता येतो. माझी आपल्याला विनंती आहे: केवळ बर्फाचा प्रसंग पाहून थांबू नका. सुरुवातीपासून, सलग पाहा.