हुमाची सावली आणि चौकातला फ्लेक्स



धुळे-जळगावच्या कोणत्याही चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवा. मागे डरकाळी फोडणारा वाघ, पुढे गॉगल लावलेले साहेब, खाली 'भावी आमदार'. फारसी दरबारात हे काम कसीदा करायचा. वाघाच्या जागी तिथे हुमा पक्षी असे. हुमाची सावली ज्याच्या डोक्यावर पडेल तो बादशहा होतो, अशी समजूत.

हे फक्त दूर इराणात चालत नव्हते. भुसावळहून खांडव्याच्या गाडीत बसा, रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा खानदेशचे मुख्य शहर होते. खानदेशच्या फारुकी सुलतानांचे आधीचे ठाणे आपले थाळनेर. तापीकाठी त्यांच्या कबरी आजही आहेत. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी संपले. पुढे अब्दुर्रहीम खानखाना बुऱ्हाणपुरात अनेक वर्षे राहिले. शाळेत ज्यांचे दोहे शिकलो तेच हे रहीम. नझीरी निशापुरीने त्यांच्यावर कसीदे रचले. अब्दुल बाकी निहावंदीच्या 'मआसिर-ए-रहीमी'त (१६१६) त्यांच्या पदरच्या कवींची भलीमोठी नोंद आहे.

कुणी म्हणेल, ही तर खुशामत. बरीचशी होतीच! स्तुती झाली की कवी हळूच मागणे मांडायचा.

पण उपमा कुणाच्या द्यायचे ते पाहा. फरीदूनची. झहाकच्या खांद्यांवरच्या सापांना रोज तरुणांचे मेंदू लागत. कावा लोहाराची मुले त्यात गेली. त्याने आपले चामड्याचे आवरण भाल्यावर चढवले, तोच झेंडा झाला, लोक उठले आणि फरीदून गादीवर आला. दुसरी उपमा जमशेदची. त्याने नौरोज सुरू केला, पण पुढे 'सर्व काही मीच' म्हणू लागला आणि त्याचे तेज गेले. फिर्दौसीचा शाहनामा दरबारात सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणजे 'हुजूर, आपण जमशेद' म्हटले की ऐकणाऱ्याला जमशेदचा शेवटही आठवणार. प्रत्येक कवीने मुद्दाम टोमणा मारला असे मी म्हणत नाही. पण मोजपट्टी सर्वांसमोर असायची. वाघाच्या चित्राने काय मोजणार?

आणि हुमा? सादी त्याला थोर मानतो ते यासाठी, की तो हाडे खाऊन जगतो, कुठल्या जिवाला त्रास देत नाही. अत्तारच्या 'मन्तिक-उत-तैर'मध्ये तर 'मी राजे घडवतो' अशी बढाई मारणाऱ्या हुमाला हुदहुद चांगलेच सुनावतो.

तुमच्यापैकी काही जण शेर लिहितात. साहेबांच्या वाढदिवसाला चार ओळी मागायला कार्यकर्ते येतात, हे मला माहीत आहे. लिहा, मानधनही घ्या. फक्त एका ओळीत कावा लोहार येऊ द्या. आणि जमले तर, आपल्या मोहल्ल्यात नळाला पाणी किती दिवसांआड येते, तेही.