बोटीने व्हिस्बीला : एका दिवसाची सहल



आज मी तुम्हांला एका दिवसाच्या सहलीविषयी सांगणार आहे. सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एस. टी. ची गाडी, डब्यातल्या पोळ्या आणि मुलांचा गलका उभा राहतो. ही सहल मात्र बोटीची आहे, आणि फार लांबची आहे. स्वीडन देशाच्या पूर्वेला बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचे बेट आहे. त्या देशाचे हे सर्वांत मोठे बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हिस्बी नावाचे जुने, तटबंदीचे शहर आहे. तिथे सकाळी जाऊन रात्री परत कसे यावे, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, आम्हांला याचा काय उपयोग? पण हल्ली खेड्यापाड्यांतली मुलेमुली तिकडच्या देशांत नोकरीला असतात आणि त्यांची वडीलमंडळी उन्हाळ्यात महिना-दोन महिने तिकडे जाऊन येतात. मीही तसाच गेलो होतो, पुतण्याकडे, स्टॉकहोमला. शिवाय सहलीचा बेत कसा करावा हे मला नीट कळले ते तिथेच, आणि तेही एकदा फजिती झाल्यावर.

पहिल्या खेपेला आम्ही बेत असा केलाच नाही. जुलै महिना होता. पुतण्याने तिकिटे काढली. आम्ही बोटीत बसलो, उतरलो आणि माणसे जिकडे चालली तिकडे चालू लागलो. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, दारादारांवर चढवलेले गुलाब, छप्पर नसलेली जुनी चर्चे, आणि दुकाने. जेवणाच्या रांगेतच तासभर मोडला. एका दुकानात बायकामंडळी रमली. इतक्यात बोटीची वेळ झाली. मग काय, पिशव्या सांभाळीत धावत सुटलो आणि कसेबसे बोटीत शिरलो. फोटो मात्र पुष्कळ निघाले होते.

गावी परतल्यावर शाळेने बोलावले. मी त्याच शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. फोटो भिंतीवर मोठे करून दाखविले. तटाचा फोटो आला. जमिनीकडची बाजू होती ती : उंच भिंत, ओळीने बुरूज, पुढे खंदक. सहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, हे तर बेट. दुश्मन यायचा तो समुद्रातनं. मग जमिनीकडनं एवढी भिंत कुणाच्या भ्यानं बांधली?"

श्रोतेहो, तीस वर्षांहून अधिक काळ मी इतिहास शिकविला. पण मला उत्तर देता आले नाही. "बघून सांगतो," म्हणालो. मुलांना असे शब्द दिले की ते पाळावे लागतात, बरं का.

दोन वर्षांनी पुन्हा जाण्याचा योग आला. या खेपेला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुतण्या हसला. "काका, तिकीट फोनवर निघतं, कागद कशाला?" मी म्हटले, "अरे, तिकीट फोनवर निघेल, दिवस फोनवर निघत नाही."

कागदावर पहिली ओळ लिहिली ती परतीच्या बोटीची. हा माझा पहिला धडा. आपण नेहमी निघायची वेळ आधी ठरवितो. एका दिवसाच्या सहलीत परतीची वेळ आधी ठरवावी आणि तिथून उलटे मोजत यावे. स्टॉकहोमहून दक्षिणेला न्यूनेसहाम्न नावाचे बंदर आहे. तिथपर्यंत लोकल गाडीने सुमारे एक तास. तिथून बोटीने व्हिस्बी सव्वातीन तासांच्या आसपास. म्हणजे जाता-येता साडेसहा तास पाण्यावर गेले. बंदरावर बोट सुटण्याच्या बरेच आधी पोचावे लागते, वेळ टळली की आत घेत नाहीत. हे सगळे वजा केले की शहरात फिरायला पाच-सहा तास उरतात. ऑस्कर्सहाम्न नावाच्या दुसऱ्या बंदरातूनही बोटी सुटतात, पण ते स्टॉकहोमपासून बरेच दूर आहे. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून ज्या दिवशी जायचे त्या दिवसाचेच पाहावे. एखाद्या दिवशी परतीची बोट इतकी लवकर असते की जाणे-न-जाणे सारखेच.

दुसरी ओळ ऋतूची. तिकडे जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, आणि डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो. उन्हाळा चांगला खरा, पण जुलैत गर्दी फार. जूनच्या अखेरीला तिथे राजकारणी मंडळींचा मोठा मेळा भरतो. ओलोफ पाल्मे यांनी १९६८ साली तिथल्या आल्मेदालेन नावाच्या बागेत भाषण केले, त्यातून तो वाढत गेला. ऑगस्टच्या आरंभी मध्ययुगीन सप्ताह असतो, १९८४ पासूनचा. त्या वेळी लोक जुने पोशाख घालून हिंडतात. ते पाहायचे असेल तर तिकीट फार आधी काढावे. शांतपणे शहर पाहायचे असेल तर जूनचा आरंभ किंवा सप्टेंबर बरा. आम्ही जूनचा आरंभ धरला.

तिसरी ओळ पिशवीची. समुद्रावर वारा बोचरा असतो, तेव्हा उन्हाळ्यातही गरम कपडा हवा. फरसबंदी ओबडधोबड आहे आणि शहर चढावर आहे, म्हणून पायांत चांगले बूट हवेत. रोख पैसे तिकडे फारसे चालत नाहीत, बहुतेक ठिकाणी कार्डच मागतात. नळाचे पाणी खुशाल प्यावे. डबा बरोबर घ्यावा, म्हणजे रांगेतला तास वाचतो. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती.

आणि चौथी ओळ त्या मुलाच्या प्रश्नाची. पाच तासांत सगळे शहर पाहू म्हटले तर काहीच दिसत नाही. एक प्रश्न घ्यावा आणि त्याच्यामागे जावे. वाटेत दिसेल ते दिसेल.

तर निघालो. बोट म्हणजे पाण्यावरची तीन-चार मजली इमारतच. पोटात मोटारी आणि ट्रक, वर माणसे. ज्यांना लाटांनी मळमळते त्यांनी मध्यभागी खालच्या बाजूला बसावे, तिथे हेलकावा कमी लागतो. कोकणातल्या श्रोत्यांना एक गंमत सांगतो. या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, आणि पाणीही फार थोडे खारट. आपल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तर तिथे जेमतेम सात.

बंदरावरून तटापर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटे. आल्मेदालेनची बाग लागते. एके काळचे बंदर तेच, आता तिथे हिरवळ आणि तळे आहे. आम्ही दुकानांकडे न पाहता सरळ गॉटलंडच्या संग्रहालयात गेलो. तिथे पहिली गोष्ट पाहिली ती चांदी. १९९९ साली या बेटावर स्पिलिंग्स नावाच्या वाडीच्या शेतात सुमारे ६७ किलो चांदी सापडली. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेली. त्यांत चौदा हजारांवर नाणी, बहुतेक अरबांच्या मुलखातली. ही चांदी कुणा राजवाड्याखाली सापडली नाही, शेतात सापडली. कारण गॉटलंडचा शेतकरी हाच व्यापारी होता. शेती करायची, बोट हाकायची, रशियाची फर आणि मेण आणायचे, विकायचे. त्यांची स्वतःची सभा होती. खेड्यांतून त्यांनी दगडी चर्चे बांधली. मध्ययुगातली ९२ चर्चे बेटावर आजही उभी आहेत.

मग व्हिस्बी वाढले. जर्मन व्यापारी येऊन राहिले. त्यांनी बांधलेले सेंट मेरी चर्च १२२५ साली प्रतिष्ठित झाले, ते अजून वापरात आहे. व्यापार हळूहळू शहराच्या मुठीत गेला आणि खेड्यांचा हात सुटत चालला. आता तुमच्या लक्षात आले असेल. तेराव्या शतकात शहराने आपल्याभोवती भिंत घातली, सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची. समुद्राकडे ती ठेंगणी आहे. जमिनीकडे उंच, भक्कम, खंदकासह. १२८८ साली शहर आणि खेडी यांच्यात उघड लढाई झाली आणि राजा माग्नुस लादुलोस याला मध्ये पडावे लागले. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. भिंत जमिनीकडे होती, कारण भीती शेतकऱ्याची होती.

पण उत्तर इथे संपत नाही. चर्च पाहून आम्ही पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडलो आणि खंदकाच्या कडेने दक्षिणेकडे चालू लागलो. बहुतेक प्रवासी तटाच्या आतच फिरतात. माझे सांगणे आहे, निदान तासभर बाहेरून चाला. बाहेरून ती भिंत वेगळीच दिसते. दक्षिणेच्या वेशीपासून थोड्या अंतरावर, झाडांत, एक जुना दगडी क्रूस आहे. त्या जागेला कोर्सबेटनिंगेन म्हणतात.

१३६१ साली जुलैमध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमार बेटावर उतरला. खेड्यांतले शेतकरी गोळा झाले, मागे हटत हटत व्हिस्बीच्या भिंतीपाशी आले. २७ जुलैला वेशीसमोर लढाई झाली. समोर कसलेले शिपाई. इकडे शेतकरी, जुनीपानी चिलखते घातलेले. शहरातले लोक भिंतीआडच राहिले. सुमारे अठराशे माणसे पडली असे सांगतात. दोन दिवसांनी शहराने राजाशी समेट केला आणि आपले हक्क राखले. विसाव्या शतकात तिथल्या सामूहिक कबरी उकरल्या, तेव्हा अकराशेहून अधिक माणसांची हाडे मोजली गेली. त्यांत कोवळी पोरे होती, म्हातारे होते, लंगडे होते. क्रूसावर लॅटिनमध्ये कोरले आहे की गॉटलंडचे लोक व्हिस्बीच्या वेशीसमोर पडले, ते इथे पुरले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. पुतण्या म्हणाला, "काका, वेस उघडली असती तर वाचली असती का हो माणसं?" मी म्हटले, "कोण जाणे. कदाचित शहरही गेलं असतं." शहरातल्या लोकांनी काय विचार केला असेल, याचा मी नंतर बोटीत पुष्कळ विचार केला. आपली पोरेबाळे आत, दाराशी शत्रू. त्यांनाही सोपे नव्हते. पण मागच्या सत्तरहून अधिक वर्षांत ती वेस मनाने बंद होतच गेली होती. त्या दिवशी ती उघडणे जड गेले असेल.

आणि एवढे करून शहराची भरभराट टिकली नाही. व्यापार दुसरीकडे गेला. १५२५ साली ल्युबेकच्या लोकांनी शहराचा भाग जाळला. बेट डेन्मार्ककडून स्वीडनकडे परत आले ते १६४५ साली. शहर गरीब झाले, नवे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुने राहिले. आज ते जागतिक वारसा म्हणून ओळखले जाते, १९९५ सालापासून.

बोटीला दोन तास होते. हा रिकामा वेळ मी कागदावर मुद्दाम ठेवला होता. बंदराकडे येताना एका लहान दुकानात बसून तिथला नावाजलेला पदार्थ खाल्ला. दूध-भात, केशर, बदाम आणि अंडी घालून भट्टीत भाजतात आणि वर जांभळ्या बोरांचा मुरंबा व साय देतात. आपल्या केशरी भाताचा दूरचा नातेवाईकच म्हणा ना. ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी आधी विचारावे. या खेपेला बोटीसाठी धावावे लागले नाही.

परत आल्यावर शाळेत गेलो. तो मुलगा आता आठवीत होता. सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हंजी गुरुजी, ती भिंत आमच्यासारख्यांच्याच भ्यानं होती." मी "हो" म्हणालो.

शिक्षक बंधुभगिनींना एकच सुचवितो. पुढच्या सहलीला मुलांना नेण्याआधी, मग तो किल्ला असो की धरण असो, त्यांच्याकडून एक प्रश्न मागून घ्या आणि तो कागदावर परतीच्या वेळेखाली लिहा. उत्तर कधी कधी वेशीच्या बाहेर असते, तेव्हा तेवढा वेळ हातात ठेवा.