मनाची तपासणी



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते खडकीच्या वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर. तरीही आज मी वैद्यकीच्या एका परीक्षेवर बोलणार आहे, आणि तेही त्या परीक्षेतला रोगी म्हणून.

आमच्या शेजारची एक मुलगी डॉक्टरकी शिकते. मानसोपचार विभागातली तिची नेमणूक, त्यांच्या भाषेत पोस्टिंग, संपत आली होती आणि शेवटी परीक्षा होती. एम. बी. बी. एस.ला या विषयाचा स्वतंत्र पेपर नसतो. तो जनरल मेडिसिनच्या पोटात जातो. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी औषधांची नावे पाठ करतात आणि सुटतात. हिला ते पटेना. परीक्षेत एक रोगी समोर बसवतात, ठरलेल्या वेळात त्याच्याशी बोलायचे आणि मग परीक्षकापुढे सारे मांडायचे. पुस्तक पाठ होते, पण परक्या माणसाला असले प्रश्न विचारायला जीभ रेटेना. मला म्हणाली, "काका, तुम्ही पेशंट व्हा."

मग चार संध्याकाळी मी वेडा झालो. वेडा हा शब्द माझा. तिने तो पहिल्याच दिवशी बंद केला.

या तपासणीला रक्त लागत नाही की यंत्र लागत नाही. माणसाचे कपडे, बसणे, नजर पाहायची. बोलण्याचा वेग पाहायचा. मनःस्थिती तो सांगतो ती एक आणि आपल्याला दिसते ती दुसरी. दोन्ही वेगळ्या लिहायच्या. विचार कसे चालतात, कुणाचे आवाज ऐकू येतात का, हे विचारायचे. तीन वस्तूंची नावे सांगून पाच मिनिटांनी परत विचारायची. शंभरातून सात सात वजा करायला लावायचे. मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करीत असा भराभर खाली उतरलो की तिनेच थांबवले. सारा जन्म महागाई भत्त्याच्या हिशेबात गेलेला माणूस! मग म्हणीचा अर्थ. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' म्हणजे काय, असे तिने विचारले आणि मी एका पुढाऱ्याचे नाव सांगितले. हे उत्तर बरोबर की चूक, यावर आमचा बराच वाद झाला.

तिसऱ्या संध्याकाळी तिने वही मिटून विचारले, "काका, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का? जीव द्यावा असं कधी मनात येतं का?"

मी चिडलो. असे कुणी विचारते का? नसलेले त्याच्या डोक्यात घालायचे! ती शांतपणे म्हणाली, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असलेले बाहेर येते आणि माणसाला हलके वाटते. अभ्यासांतून हेच दिसले आहे. हा प्रश्न राहिला तर आमचे सर पुढचे ऐकूनच घेत नाहीत, असेही म्हणाली.

माझा चहा निवला. तीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यातला फिटर गैरहजेरीची चार्जशीट घेऊन माझ्याकडे आला होता. दोन महिने तो वाळत चालला होता. जेवण तुटले होते, पहाटे तीनला जाग येई आणि तो दारात बसून राही. हे सगळे त्याने मला सांगितले, आणि मी ते टिपून घेतले, कारण खुलाशात 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहायला ते उपयोगी होते. खुलासा उत्तम झाला. त्याला कामावर घेतले. नवव्या दिवशी त्याने जीव दिला. तिच्या वहीत नैराश्याचे एक पान आहे: दोन आठवड्यांहून अधिक उदासी, पहाटेची जाग, घटलेले वजन. त्या पानावर तो माणूस पुरता लिहिलेला होता.

ज्या डॉक्टरने त्याला ताकदीचे इंजेक्शन दिले त्याला मी दोष देत नाही. मीही तेच केले, फक्त कागदावर. १९४६ साली भोर समितीने नोंदवले होते की आपल्याकडे चाळीस हजार माणसांमागे मनोरुग्णालयातली एक खाट आहे. इंग्लंडात तीनशे माणसांमागे एक होती. अलीकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्या माणसांपैकी शंभरात दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. म्हणजे हजारांच्या कारखान्यात शंभर. त्यांतले बहुतेक उपचाराविना राहतात, आणि जे जातात ते आधी नाक्यावरच्या साध्या डॉक्टरकडे, झोप येत नाही, अंग दुखते म्हणून. त्या डॉक्टरला या विषयाची जी काय ओळख झाली असेल ती पोस्टिंगच्या या थोड्या आठवड्यांत.

मुलगी पास झाली. मार्क मी विचारले नाहीत.

मात्र युनियनच्या कचेरीत आता चार्जशीटवरच्या तारखा लिहून झाल्या की मी पेन खाली ठेवतो आणि तो प्रश्न विचारतो. पुष्कळ जण हसतात. गेल्या महिन्यात एकजण "हो" म्हणाला. रात्रीचे अकरा वाजले होते. सरकारने २०२२ साली सुरू केलेला टेलिमानसचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावलेला होता, तो फिरवला. त्याच्या भावाला बोलावून घेतले, आणि सकाळी तिघे मिळून इस्पितळात गेलो. आता औषध सुरू आहे. त्याच्या चार्जशीटचे उत्तर मात्र अजून लिहायचे आहे. मुदत सोमवारी संपते.